अडीच इंच गवत

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या हार्लन फॉल्स हेरन्स संघाच्या मालकीणबाई श्रीमती कॅरल स्टेनस्रूड, चर्चचं हे तळघर आणि कॉफीचं ते अजस्र भांडं मोठ्या मनाने आपल्या हवाली करणारे रेव्हरंड ओस्बी, ज्यांच्यासाठी आपण रविवारची वामकुक्षी सोडून जमलो ते माझे स्नेही अर्विड हॉगन, पहिल्या रांगेत बसलेल्या मार्लिसबाई, आणि हातातलं झाकलेलं भांडं सांभाळत जिना उतरलेल्या तमाम बंधुभगिनींनो,

मला दहा मिनिटं दिली आहेत. अध्यक्षांनी तसं दोनदा बजावलं आहे. मी व्हर्न डिटमर. अकरा वर्षं या संघाचा मॅनेजर होतो, आणि त्या अकरा वर्षांत माझी एकही गोष्ट दहा मिनिटांत संपलेली नाही, हे ज्यांनी माझी बोलणी खाल्ली आहेत त्यांना विचारा. तरी प्रयत्न करतो.

अर्विडने या मैदानाची एकतीस वर्षं निगा राखली. एकतीस वर्षं म्हणजे किती? आपल्या रेव्हरंडसाहेबांच्या नव्या सहधर्मचारिणी इथे बसल्या आहेत, त्यांचा जन्मही झाला नव्हता. त्यांनी मघाशी प्रांजळपणे सांगितलं की बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, मी त्या आंबट देठांच्या, रूबार्बच्या वड्यांसाठी आले आहे. बाई, तुम्ही एकट्या नाही. अर्धं सभागृह त्यासाठीच आलं आहे. मी तुमच्याकडे बघून बोलेन म्हणजे सगळ्यांनाच कळेल.

अर्विडबद्दल चांगलं बोलणं सोपं आहे, आणि ते माझ्या आधीच्या चार वक्त्यांनी केलंच आहे. पाऊस पडून गेल्यावर चाळीस मिनिटांत मैदान कोरडं करणारा माणूस. शर्टाच्या खिशात हातरुमालाऐवजी कात्री बाळगणारा माणूस. स्वतःच्या मुलीच्या लग्नात, आहेर घेता घेता, हॉटेलच्या हिरवळीवर बुरशी आहे म्हणून तिथल्या माळ्याला कोपऱ्यात घेणारा माणूस. हे सगळं खरं आहे. मुलीनेच मला सांगितलं, आणि तिने अजून बापाला माफ केलेलं नाही.

पण अध्यक्षांनी प्रास्ताविकात एक गोष्ट सांगितली, गवत कापायच्या बिघडलेल्या यंत्राची. तुम्ही सगळे हसलात. दरवर्षी हसता. केकवरसुद्धा हिरव्या साखरेचं ते यंत्र काढलं आहे आणि खाली लिहिलं आहे ‘अडीच इंच हॉगन’. केक सुंदर झाला आहे. ज्यांनी केला त्यांचा यात काही दोष नाही, त्यांनी ऐकलं तेच काढलं. मला मात्र त्या गोष्टीत एक दुरुस्ती करायची आहे, आणि त्यासाठी एकोणीस वर्षं मागे जावं लागेल.

ते माझं इथलं पहिलं वर्ष. आपला संघ धाकटा. वरच्या मोठ्या संघासाठी पोरं तयार करायची हे आपलं काम. त्या वर्षी मोठ्या संघाने ठरवलं, की आता नव्याने बांधणी करायची. बाई, नव्याने बांधणी म्हणजे काय, तर चलतीच्या, नावाजलेल्या खेळाडूंना एकेक करून दुसऱ्या संघांना देऊन टाकायचं, बदल्यात मिसरूडही न फुटलेली पोरं घ्यायची, आणि मग पाच-सहा वर्षं शांतपणे मार खात बसायचं. मोडायला एक हिवाळा पुरला, बांधायला पाच उन्हाळे लागले. मोठा संघ त्या साली एकशे आठ सामने हरला. आम्हीही काही मागे नव्हतो. एकशे चाळीसपैकी सत्त्याण्णव. लोक पी हळद नि हो गोरी म्हणत येतात, आणि इथे तर हळद पेरण्यापासून सुरुवात होती.

वरून हुकूम एकच: ‘हरलात तरी चालेल, पोरं जपा.’

मला हा हुकूम फार आवडला. मॅनेजरला कोणी हरायची परवानगी देतं का हो? मी मनात म्हटलं, देवच पावला. जपायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे विचारायचं मात्र मला सुचलं नाही.

त्या पोरांत एक होता लेउरिस पाउलिनो. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या बानी गावचा, एकोणीस वर्षांचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा त्याची. शॉर्टस्टॉप. सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत वेगाने चेंडू जमिनीवरून जिथे येतात ती जागा. दंडात ताकद अशी, की त्याची फेक झेलणारा आमचा पोरगा रात्री हात बर्फात घालून जेवायचा. मोठ्या संघाने या एका पोरासाठी आपला सगळ्यांत लाडका खेळाडू देऊन टाकला होता, म्हणजे सगळ्यांचे डोळे त्याच्यावर. आणि तो घाबरला होता. चेंडू यायच्या आधीच त्याचे खांदे आखडायचे. जूनच्या मध्यापर्यंत एकट्या या मैदानावर त्याच्या नावावर चोवीस चुका, म्हणजे हातचे सुटलेले चेंडू, लागल्या.

तेव्हा तिसऱ्या रांगेत एक सद्गृहस्थ बसायचे. ते आज इथे आहेत, नाव घेत नाही, बटाट्याचं सॅलड त्यांनीच आणलं आहे. ते घरून गाईच्या गळ्यातली घंटा घेऊन यायचे, आणि पाउलिनोची चूक झाली रे झाली की वाजवायचे. एकदाच. घण्ण. मग सगळं मैदान हसायचं. मी त्यांना दोष देत नाही. रोज हरणारा संघ बघायला पदरचे पैसे मोडून येणाऱ्या माणसाने काहीतरी करमणूक शोधायचीच. पण पोरगं ती घंटा झोपेत ऐकायला लागलं. हॉगन दांपत्याच्या घरीच तो राहायचा, मधल्या खोलीत. मार्लिसबाईंनी एका सकाळी मला गाठून सांगितलं, ‘व्हर्न, तो रात्री उठून बसतो. विचारलं तर म्हणतो, गाय आली.’

आता जी गोष्ट सांगतो, ती अर्विडला आवडणार नाही. अर्विड, टेबलावरच्या कापडाची घडी सरळ करू नकोस, ती सरळच आहे.

बाई, मैदानावरचं गवत आखूड असेल तर चेंडू सुसाट येतो. वाढलेलं असेल तर चेंडू त्यात दमतो. मोठ्या संघाचं लेखी फर्मान होतं, की सगळ्या धाकट्या मैदानांवर गवत सव्वा इंचच ठेवायचं, मोठ्या स्टेडियमवर असतं तेवढंच. पोरांनी इथे जे शिकायचं ते तिथे उपयोगी पडलं पाहिजे. शहाणपणाचा नियम होता.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मी अर्विडच्या शेडमध्ये गेलो. तो पात्यांना धार लावत बसला होता. मी म्हटलं, ‘गवत वाढव.’

तो म्हणाला, ‘किती?’

‘दुप्पट.’

त्याने हातातली कानस खाली ठेवली. म्हणाला, ‘व्हर्न, नियम आहे.’

‘नियम मला वाचता येतो. पोरगं मोडतंय ते तुला दिसत नाही का? तुझ्याच घरात झोपतंय.’

त्याने कानस पुन्हा उचलली आणि बराच वेळ एकच पातं घासलं. नॉर्वेजियन माणसाचा बराच वेळ म्हणजे किती, हे या गावात मी सांगायला नको. मग म्हणाला, ‘रोपाला काठी बांधली तर ती काढायची कधी, ते आधी ठरवावं लागतं. तू ठरवलंयस?’

मी म्हटलं, ‘मॅनेजर कोण आहे इथे?’

हे वाक्य मी बोललो आहे. मला ते कधी विसरता आलं नाही. अर्विडने यंत्राची पाती वर चढवली. दोन आठवड्यांत गवत अडीच इंच झालं.

आणि काय सांगू, जादू झाली. गवतात दमलेला चेंडू लेउरिसच्या पुढ्यात येऊन बसायचा, आणि दंडात एवढी ताकद की उशिरा उचलूनही फेक वेळेत पोहोचायची. पाच आठवड्यांत इथे फक्त तीन चुका. घंटेला गंज चढला. पोरगं हसायला लागलं, मधल्या खोलीत घोरायला लागलं. मी स्वतःवर इतका खूश, की बायकोला म्हटलं, पोरं कशी जपायची यावर मी व्याख्यानं द्यायला हवीत. आज देतोय ते पहिलंच.

ऑगस्टच्या सुरुवातीला मोठ्या संघाने त्याला वर बोलावलं. हरून हरून त्यांचे प्रेक्षक आटले होते, काहीतरी दाखवायला हवं होतं, आणि कागदावर हा पोरगा तयार दिसत होता. तो कागद मी तयार केला होता, गवताने.

सव्वा इंच गवतावर पहिल्याच संध्याकाळी त्याने तीन चेंडू सोडले. अकरा सामन्यांत नऊ. टीव्हीवर सगळ्या देशाने बघितलं. आपल्याकडे त्याला एक सवय जडली होती: चेंडू आपल्याकडे येईल म्हणून थांबायची. तिथे चेंडू कोणासाठी थांबत नव्हता. बारावा सामना व्हायच्या आत त्याला परत पाठवलं. बसमधून उतरला तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं नाही, सरळ अर्विडकडे गेला आणि त्यांच्या भाषेतलं आदराचं ‘डॉन’ लावून म्हणाला, ‘डॉन अर्विड, माझे हात तिथे चालत नाहीत.’

मी तिथेच उभा होतो. हात त्याचे चांगलेच होते.

दोनच दिवसांनी वरून साहेब आले. पोरांच्या तयारीचं खातं बघणारे वेल्शसाहेब, कडक इस्त्रीची पँट. सकाळी नऊ वाजता ते दवात गुडघे टेकून बसले, खिशातून पट्टी काढली आणि गवतात उभी धरली. मग उठले. गुडघ्यांवर दोन हिरवे डाग. आम्हा दोघांकडे बघून म्हणाले, ‘अडीच इंच. हे कोणी ठरवलं?’

मी तोंड उघडलं होतं. एकोणीस वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो आहे, की मी तोंड उघडलं होतं. त्यातून शब्द बाहेर आला नाही, एवढंच.

अर्विड म्हणाला, ‘गवत माझं आहे साहेब. उंची मी लावतो. यंत्राचं पातं वर अडकलं होतं, मी दुरुस्तीचा आळस केला.’

आळस. सभागृहात कोणी असा आहे का, ज्याने या माणसाला आळस करताना बघितलं आहे? यंत्र ठणठणीत होतं. ते शेडमध्ये, तेल घातलेलं, आमच्यापासून वीस पावलांवर उभं होतं. साहेबांनी जाऊन बघितलं असतं तर कळलं असतं. त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि ते गेले.

तुम्ही म्हणाल, मग काय झालं? एक ठपक्याचं पत्र आलं असेल, गावाला हसायला एक गोष्ट मिळाली असेल. कॉफीच्या दुकानात ‘काय अर्विड, पातं खाली आलं का?’ इतकंच ना? इतकंच मलाही वाटलं होतं.

मला ऑक्टोबरपर्यंत माहीत नव्हतं, की मोठ्या स्टेडियमचे मुख्य माळी त्या हिवाळ्यात निवृत्त होणार होते, आणि त्यांनी आपल्या जागी अर्विडचं नाव दिलं होतं. तोंडी सगळं ठरलं होतं. अर्विडने बारा वर्षं याची वाट बघितली होती. मार्लिसबाईंनी तिकडच्या घराच्या खिडक्यांची मापं घेऊन पडद्याचं कापडसुद्धा आणलं होतं. ऑक्टोबरात पत्र आलं, की जागा दुसऱ्याला दिली आहे. कारण लिहिलं नव्हतं. लिहायची गरज नव्हती.

त्या संध्याकाळी मी त्याच्या शेडमध्ये गेलो. म्हटलं, ‘उद्या वर फोन करतो. खरं सांगतो.’

तो म्हणाला, ‘जागा गेली, व्हर्न. आता सांगून ती परत येणार आहे का? तुला मात्र काढतील. या पोरांनी तीन वर्षांत तीन मॅनेजर बघितलेत. पुढच्या वर्षीही ती हरणारच आहेत. निदान शिव्या घालणारा माणूस तरी तोच असू दे.’

मग त्याने मला वचन द्यायला लावलं: ‘मी या मैदानावर आहे तोवर बोलायचं नाही.’ मी वचन दिलं. लगेच दिलं. खरं सांगायचं तर ते वचन मला फार सोयीचं होतं. माझी नोकरी राहिली, माझी तीन मुलं इथल्या शाळेत शिकली, मी या गावचा प्रतिष्ठित माणूस झालो, लोक मला भाषणाला बोलावतात. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती मूठ झाकायला हात अर्विडचा.

अर्विड, हाताने खुणा करू नकोस. आज दुपारी शेवटचा सामना संपला, तीन वाजता तू शेडच्या किल्ल्या कॅरलबाईंना दिल्यास. मी बघत उभा होतो. वचन तीन वाजता संपलं.

आता मघाशी चिटणिसांनी जे पत्र वाचून दाखवलं, त्याच्याकडे येतो. लेउरिसने बानीहून पाठवलेलं. त्यात ‘मार्लिसआईच्या रूबार्बचा वाफा’ असे शब्द होते, आणि तुमच्यापैकी अनेकांना काही उमगलं नाही. सांगतो. साहेब येऊन गेले त्याच आठवड्यात अर्विडने स्वतःच्या घरामागचा रूबार्बचा वाफा उपटला. वीस वर्षांचा वाफा. तिथे मैदानाच्या कडेचं गवत मातीसकट आणून अंथरलं, चाळीस पावलं लांब, आणि सव्वा इंचावर कापलं. रोज सकाळी सहा वाजता एका टोकाला लेउरिस, दुसऱ्या टोकाला अर्विड, चेंडूंची बादली घेऊन. अर्विडचा गुडघा तेव्हाच गेलेला, वाकता यायचं नाही, म्हणून स्टुलावर बसून चेंडू फेकायचा. मी एकदा कुंपणापलीकडून बघितलं. पोराने चेंडू सोडला की अर्विड म्हणायचा, ‘तो येणार नाही. तू जा.’ एवढंच. दर चेंडूला. ‘तू जा.’ मोसम संपला तरी लेउरिस सहा आठवडे घरी गेला नाही.

पोरं जपणं म्हणजे काय, हे मी त्या कुंपणापलीकडे उभा राहून शिकलो. मी त्याच्यासाठी चेंडू हळू केला होता. अर्विडने चेंडूचा वेग तसाच ठेवला, आणि रोज सकाळी त्याच्यासमोर जाऊन बसला.

दोन वर्षांनी लेउरिस पुन्हा वर गेला आणि सात वर्षं तिथे खेळला. मोठा संघ पाचव्या वर्षी जिंकायला लागला, तेव्हा वर्तमानपत्रांनी लिहिलं की नव्याने बांधणी कशी करावी याचा हा आदर्श. मोठमोठ्या लोकांचे फोटो आले. वाफ्याचा फोटो नव्हता.

मार्लिसबाई, तुम्हाला हे सगळं ठाऊक होतं की नाही, मला माहीत नाही. वाफा गेल्यावर तुम्ही शेजारणीकडून रूबार्ब आणून वड्या करत राहिलात, आणि दर नाताळात एक डबा माझ्या घरी पाठवलात. ठाऊक नसताना पाठवला असेल, तर आज तुम्हाला माझा राग येऊ दे, तो तुमचा हक्क आहे. आणि ठाऊक असून पाठवला असेल तर... बाई हसताहेत. म्हणजे ठाऊक होतं. एकोणीस डबे. मला आता पाणी लागेल.

क्षमा करा. झालं.

वेळ संपली आहे, अध्यक्षांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आहे. आभाराचं काम माझ्याकडे नाही, तरी दोन शब्द. स्वयंपाकघरातल्या भगिनींचे आभार. रेव्हरंडसाहेबांचे आभार, कबुलीजबाबाची पद्धत आपल्या पंथात फारशी नाही, तरी त्यांनी मला मध्येच खाली बसवलं नाही. कॅरलबाईंना एक विनंती, की केक कापताना ‘अडीच इंच’ हे शब्द आणि त्याखालचं नाव वेगळं कापावं. शब्द माझ्या ताटलीत द्या.

भाषणाच्या शेवटी म्हणायचं असतं, की बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. बोलण्यातलं तुम्ही घालालच, भले लोक आहात. पण मी जे बोललो नाही, त्याची क्षमा मी मागतो. अर्विड, तुझी. मार्लिसबाई, तुमची.

आणि एक राहिलं. गॉर्डन, नाव घेत नाही म्हटलं होतं, पण आता घेतो. सॅलडबरोबर तू आज घंटाही आणली आहेस, पिशवी जिन्यात वाजली ती मी ऐकली. समारंभाला गंमत म्हणून आणली असशील. त्या वर्षी या मैदानावर, वरून परत आल्यावरच्या धरून, पाउलिनोच्या एकतीस चुका झाल्या, आणि एकतीसही वेळा तू वाजवलीस, एकदाही विसरला नाहीस. पण त्या उन्हाळ्यातली सगळ्यांत मोठी चूक त्या पोराची नव्हती, आणि ती वाजायची राहून गेली आहे.

मी इथेच उभा आहे. काढ ती पिशवीतून.